पोरगं कुणाच्या रिटर्नवर?

एडिसनची आई: "चाइल्ड सपोर्ट (घटस्फोटानंतर मुलाच्या खर्चाचे पैसे) मी भरतो, मग मुलगा माझ्याच टॅक्स रिटर्नवर" हे 'नॉर्थ जर्सी' यांचं कालचं वाक्य वाचून माझा चहा गार झाला. अहो, आयआरएस (अमेरिकेचं आयकर खातं) पावत्या नाही, रात्री मोजते! वर्षात जास्त रात्री ज्याच्याकडे, हक्क त्याचा. माझ्याकडे 240 होत्या. तरी आमच्या माजी महाशयांनी लेकाचा सोशल सिक्युरिटी नंबर टाकून आधीच रिटर्न भरलं. मग माझं ऑनलाइन भरलेलं रिटर्न नाकारून परत. बसले मग कागद भरत.

नॉर्थ जर्सी: ताई, महिना 1,400 डॉलर जातात माझे. ते उत्पन्नातून वजाही होत नाहीत. आणि घटस्फोटाच्या डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या हुकुमात, स्वच्छ लिहिलंय, सम वर्षी बाप, विषम वर्षी आई. 2024 मी भरलं, चुकलं काय?

आकडेमोड्या: डिक्री 2008 नंतरची ना? मग नुसती डिक्री जोडून चालत नाही. आईने हक्क सोडल्याचा फॉर्म 8332 असतो, त्यावर तिची सही हवी. आणि सही मिळाली तरी तुम्हाला फक्त चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करातली सूट, 2024 साठी जास्तीत जास्त 2,000 डॉलर. हेड ऑफ हाउसहोल्ड, ही मूल सांभाळणाऱ्या एकट्या पालकाची करसवलत, तुम्हाला नाहीच.

नॉर्थ जर्सी: ती सही देत नाही. वकील केला तर दोन हजार त्यातच गेले. बरं, रात्रीच मोजा. उन्हाळ्यात पोरगा सात आठवडे पुण्यात माझ्या आईकडे. त्या 49 रात्री कुणाच्या?

एडिसनची आई: एरवी ज्याच्याकडे झोपला असता त्याच्या.

नॉर्थ जर्सी: तिकीट मी काढलं!

कोथरूडची आजी: तिकिटाचं काय कौतुक! माझाही नातू येतो. त्याच्यासाठी फ्रीझरमध्ये आमरस कोण ठेवतं? जेटलॅगमुळे पहाटे तीनला पत्ते कोण खेळतं? रात्री माझ्या.

आकडेमोड्या: आजी, तुम्हाला तिथे रकाना नाही हो. नॉर्थ जर्सी, तुम्ही स्वतः सोबत होतात? मूल तुमच्याजवळ झोपलं तर घर कुणाचंही असो, रात्र तुमची.

नॉर्थ जर्सी: दहा दिवस. रजा कोण देतं?

एडिसनची आई: घ्या दहा.

डॅलसचा बाबा: आयाच तेवढ्या साळसूद का? माझी मुलगी माझ्याकडे 190 रात्री असते. तरी नोटीस मलाच आली. शाळेची पत्रं, डॉक्टरांचे कागद, सगळं गोळा केलं.

एडिसनची आई: तुमचं बरोबर आहे. यांचं नाही.

नॉर्थ जर्सी: जिंकलात, बाई. भरतो 1040-एक्स, दुरुस्तीचं रिटर्न. पण मग न्यायाधीशांनी त्या डिक्रीवर सही कशाला केली, तेवढं सांगा.