आठ कामगारांसाठी गट आरोग्य विमा ऑनलाइन घ्यावा का?

प्रश्न – भोसरीतील लघुउद्योजक

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे सीएनसी मशिनिंगचे छोटे युनिट असून १४ जण काम करतात. कारखान्याला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू आहे, परंतु पगारवाढीमुळे आठ जणांचे वेतन २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे गेले आणि हेच आठ जण, म्हणजे आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, आज विम्याविना आहेत. मागच्या महिन्यात त्यांच्यापैकी एकाने वडिलांच्या अँजिओप्लास्टीसाठी माझ्याकडून उचल घेतली, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. एका ऑनलाइन पोर्टलवर माहिती भरली, तर पाच मिनिटांत तीन कंपन्यांचे दर आले. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत जवळजवळ दुपटीची तफावत आहे. ती कशामुळे पडते, आणि एवढ्या लहान गटाने पोर्टलवरून पॉलिसी घेणे योग्य ठरेल का?

उत्तर १ – विमा ब्रोकरच्या कार्यालयात काम करणारा

गट विम्यासाठी किमान सात जण लागतात, त्यामुळे आपले आठ जण त्यात बसतात. पोर्टलवरून घेण्यात गैर काही नाही. मात्र ते चालवणाऱ्या कंपनीकडे आयआरडीएआय या विमा नियामकाचा ब्रोकर किंवा वेब ॲग्रिगेटर (अनेक कंपन्यांचे दर एकत्र दाखवणारे संकेतस्थळ) म्हणून परवाना आहे का, हे आधी पाहावे. एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, तर ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, आणि त्याचे कमिशन विमा कंपनीच देते.

दरांतील तफावत अटींमुळे पडते. वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गट विम्यात ही अट बहुधा काढून टाकलेली असते, पण स्वस्त कोटेशनमध्ये ती तशीच राहिलेली मी पाहिली आहे. दुसरा मोठा खर्च आई-वडिलांचा असतो. आपल्या ऑपरेटरने उचल घेतली ती वडिलांसाठी. म्हणजे केवळ पती-पत्नी आणि मुलांना धरून दिलेला स्वस्त दर आपण घेतला असता, तरी ती उचल त्याला घ्यावीच लागली असती. आई-वडिलांसाठी १० किंवा २० टक्के को-पे, म्हणजे बिलाचा तेवढा हिस्सा स्वतः भरणे, मान्य करावा लागला तरी चालेल, पण त्यांना वगळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिशेब करताना हेही धरावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला असला, तरी गट विम्यावर तो १८ टक्केच आहे.

उत्तर २ – चाकणच्या एका वर्कशॉपचे हिशेब पाहणारी

दादा, खोलीभाड्याची अट वाचल्याशिवाय पैसे भरू नका. आम्ही दोन लाखांची पॉलिसी घेतली होती आणि त्यात साध्या खोलीसाठी विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला २,००० रुपये, एवढी मर्यादा होती. आमच्या वेल्डरच्या आईला दाखल केले तेव्हा दुसरी खोली रिकामी नसल्यामुळे ४,००० रुपयांची खोली घ्यावी लागली. पाच दिवसांचे एकूण बिल १,२०,००० रुपये झाले. खोलीच्या २०,००० पैकी १०,००० गेले, हे आम्हाला अपेक्षितच होते; पण खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून डॉक्टरांचे शुल्क, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग यांच्या ७०,००० रुपयांतूनही निम्मे कापले गेले. औषधे आणि तपासण्यांचे ३०,००० तेवढे पूर्ण मिळाले. डिस्चार्जच्या दिवशी त्या मुलाला काउंटरवर ४५,००० रुपये भरावे लागले आणि तो मला फोनवर एवढेच विचारत होता की, ताई, विमा असताना हे कसे? पोर्टलच्या तुलनेच्या पानावर बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापण्याची ही अट होती, पण ती ‘अधिक माहिती’ या दुव्याखाली होती आणि आम्ही तो उघडलाच नव्हता. पुढच्या वर्षी थोडा जास्त प्रीमियम भरून ती मर्यादा काढून घेतली.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तीनही कोटेशन पुन्हा उघडून पाहिली. सर्वांत स्वस्त दरात आई-वडील नाहीत आणि खोलीभाड्याला मर्यादा आहे. आणखी एक शंका आहे: वर्षाच्या मध्ये कोणी सोडून गेला किंवा नवीन आला, तर काय करायचे?

उत्तर १ – विमा ब्रोकरच्या कार्यालयात काम करणारा

विमा कंपनीकडे सीडी खाते, म्हणजे आगाऊ ठेव, उघडावे लागते. नवीन माणसाचा उरलेल्या दिवसांपुरता प्रीमियम त्यातून वळता होतो आणि सोडून गेलेल्याचा, त्याचा क्लेम झालेला नसेल तर, सहसा परत जमा होतो. खात्यात शिल्लक नसेल तर नाव जोडले जात नाही, कारण प्रीमियम मिळण्यापूर्वी विमा कंपनीला जोखीम घेताच येत नाही. म्हणून खात्यात शिल्लक ठेवावी आणि माणूस रुजू झाल्याच्या दिवशीच त्याचे नाव पोर्टलवर चढवावे, महिनाअखेरीची वाट पाहू नये. ज्यांचे वेतन यापुढे २१,००० ओलांडेल, त्यांचे ईएसआय सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, म्हणजे तो अंशदान कालावधी संपेपर्यंत, चालू राहते. त्यांचे नाव १ ऑक्टोबर किंवा १ एप्रिलपासून जोडल्यास मध्ये एकही दिवस मोकळा राहणार नाही. आणि नोकरी सोडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते, हे त्याला शेवटचा पगार देताना नव्हे, तर राजीनामा आल्याबरोबर सांगावे.