मदत हवी आहे: पोस्टग्रेस क्लस्टरचं दर महिन्याचं पॅचिंग

मंडळी, आमच्याकडे पॅट्रोनीवर (क्लस्टर सांभाळणारं टूल) पोस्टग्रेस डेटाबेस आहे, एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर) दोन रेप्लिका (तिच्या चालू प्रती), आणि एटसीडी (पॅट्रोनी क्लस्टरची स्थिती जिथे ठेवतं ते) पण त्याच तीन मशिनवर (वेगळ्या मशिन मिळणार नाहीयेत, तो विषय सोडा). दर महिन्याला ओएसचे पॅच येतात. सध्या आधी एक रेप्लिका पॅच करून रीबूट, लॅग (प्रायमरीच्या मागे पडलेलं अंतर) उतरला की दुसरी, मग स्विचओव्हर (एका रेप्लिकेला प्रायमरी करणं) आणि शेवटी जुनी प्रायमरी. एटसीडीचा कोरम (बहुमत) तीनातल्या दोनवर टिकतो म्हणून एका वेळी एकच मशिन. इथपर्यंत ठीक.

अडतंय ते स्विचओव्हरला. खरं तर काही सेकंदांचंच काम, पण अ‍ॅपची जुनी कनेक्शनं तशीच लटकून राहतात आणि लगेच बोंब, डेटाबेस पडला! मध्ये पीजीबाउन्सर (अ‍ॅप आणि डेटाबेसमधली कनेक्शनं सांभाळणारं टूल) टाकून आधी पॉज, मग स्विचओव्हर, मग रिझ्यूम असं कोणी अ‍ॅन्सिबलमधून (ऑटोमेशन टूल) करतंय का? एखादी लांबलचक रिपोर्ट क्वेरी चालू असली तर पॉज तिच्यासाठी थांबूनच राहतो, तेव्हा काय करता, सरळ मारून टाकता?

अजून एक, ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, पोस्टग्रेस टेक्स्टचा क्रम सहसा तिच्यावरूनच लावतं) २.२८ ला सॉर्ट ऑर्डर बदलली होती आणि टेक्स्टचे इंडेक्स रीइंडेक्स करावे लागत होते, त्या धास्तीने ते पॅकेज लॉक करून ठेवावं असं एकजण म्हणतोय. मला पटत नाही, सिक्युरिटी फिक्स पण अडकतील ना? तुम्ही काय करता?