२००० वॅटचा गीझर १७४१ वॅटच खेचतोय, एलिमेंट गंडलाय का?

लालबागकर:
मंडळी जरा मदत करा. चाळीतली खोली, १५ लिटरचा गीझर, प्लेटवर २३० व्होल्ट २००० वॅट लिहिलंय. हल्ली पाणी तापायला वेळ लागतो म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने खालचं कव्हर काढून थेट टर्मिनलवर मीटर लावला आणि फेजच्या वायरला क्लॅम्प मीटर. गीझर चालू असताना २१५ व्होल्ट आणि ८.१ अँपिअर, थर्मोस्टॅट कट झाल्यावर २२६ व्होल्ट. आता २१५ गुणिले ८.१ म्हणजे १७४१ वॅट, मग बाकीचे अडीचशे वॅट गेले कुठे? तो म्हणतो एलिमेंट कमजोर झालाय, बदला. बदलू का?

सायनची सायली:
दादा थांबा, एलिमेंट बदलू नका. त्याचा रेझिस्टन्स तुमच्याच आकड्यांतून निघतो. व्होल्टेज भागिले करंट, २१५ ÷ ८.१ = साधारण २६.५ ओहम. आता प्लेटवरून किती असायला हवा ते बघा, वॅट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, म्हणून रेझिस्टन्स = २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. दोन्ही जवळपास सारखे! म्हणजे एलिमेंट अगदी ठणठणीत आहे, त्याला व्होल्टेजच कमी मिळतंय. आणि व्होल्टेज थोडं पडलं तरी पॉवर जास्त पडते कारण करंटही सोबत कमी होतो, व्होल्टेज साडेसहा टक्के कमी आणि पॉवर जवळजवळ तेरा टक्के कमी. एलिमेंटमध्ये नायक्रोमची तार असते, गरम झाली तरी तिचा रेझिस्टन्स फारसा बदलत नाही म्हणून हे गणित जमतं. जुन्या पिवळ्या बल्बला हेच लावाल तर फसाल, ६० वॅटच्या बल्बचा पेटलेला असताना ८८० ओहमच्या आसपास येतो आणि थंड असताना मीटरवर त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी दिसतो.

वायरमन काका:
सायलीने बरोबर सांगितलंय पण माझं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर गेलं. बंद असताना २२६ आणि चालू केल्यावर २१५. हे ११ व्होल्ट कुठेतरी वाटेत पडतायत. ११ ÷ ८.१ म्हणजे वाटेत १.३६ ओहम आहे, आणि ११ × ८.१ म्हणजे ८९ वॅटची उष्णता पाण्यात न जाता वायरिंगमध्ये निघतेय. ती लांबलचक वायरभर पसरली तर ठीक, पण एकाच ढिल्या जॉइंटमध्ये निघत असेल तर ते आगीचं काम आहे, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. लालबागकर, मेन स्विचवर गीझर चालू आणि बंद असं दोन्ही वेळा व्होल्टेज मोजून घ्या, स्वतः हात घालू नका, त्या इलेक्ट्रिशियनलाच सांगा. आणि गीझर बंद केल्यावर टॉप (प्लग) काढून पिना बघा.

लालबागकर:
काका मोजलं. मेन स्विचवर बंद असताना २२६, चालू असताना २२३. वायर दीडची आहे, मेनपासून मोरीपर्यंत साधारण १२ मीटर. आणि टॉप काढला तर एक पिन तपकिरी पडलीय, तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळं झालंय. वासही येतोय.

वायरमन काका:
सापडलं मग. बाहेरच्या लाइनवर ३ व्होल्ट पडतायत, ते चालायचंच. घरात ८ पडतायत. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे साधारण ०.०१२ ओहम धरा, जाऊन येऊन २४ मीटर, म्हणजे ०.२९ ओहम, त्यात सव्वादोन-अडीच व्होल्ट जातील. उरलेले साडेपाच-पावणेसहा व्होल्ट बहुतेक त्या तपकिरी पिनेवर आणि सॉकेटच्या ढिल्या पत्तीवर. गुणिले ८.१, म्हणजे पंचेचाळीस वॅट. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो आणि त्याने शिसं वितळतं, तेव्हा प्लास्टिकच्या डब्यात काय होत असेल ते बघा. आजपासून गीझर लावू नका. टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला, नुसता टॉप बदलून उपयोग नाही कारण जळलेली पत्ती नव्या पिनेलाही जाळते. लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट मिळेल, आयएसआय मार्क बघून घ्या. जमलं तर मेनपासून वेगळी ४ ची वायर ओढा, निदान अडीचची तरी, आणि अर्थिंग आहे का ते तपासून घ्या.

बोरिवली लोकल:
मध्येच विचारतो, पंख्याचे वॅट पण असेच काढायचे का, व्होल्ट गुणिले अँपिअर?

सायनची सायली:
नाही, पंख्यात मोटर आहे, तिथे करंट आणि व्होल्टेज एका तालात नसतात म्हणून गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो, पॉवर फॅक्टरनेही गुणावं लागतं. गीझर, इस्त्री, शेगडी यांनाच सरळ चालतं.

लालबागकर:
गीझरचा स्विच बंद करून टॉप काढून ठेवलाय. उद्या इलेक्ट्रिशियनला घेऊन लोहार चाळीत जातो. काका, वायर भिंतीवरून पट्टीतून ओढली तर चालेल ना? चाळीत भिंत फोडायला देत नाहीत.

वायरमन काका:
चालेल, पीव्हीसी पट्टीतून न्या, फक्त मध्ये कुठेही जॉइंट नको, सलग वायर. झालं की पुन्हा टर्मिनलवर चालू-बंद दोन्ही व्होल्टेज घ्या, फरक चार-पाच व्होल्टच्या आत आला पाहिजे. आकडे इथे टाका.