तांबी ‘गंजली’ म्हणायचं का? अन् बुरशी, धुपणी वगैरे

आमच्या दारव्ह्याकडं कॉपर-टीले (मूल राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ते) तांबीच म्हणतात, म्हाताऱ्या बाया अजून लूप म्हणतात कारण १९६५ मध्ये सरकारनं आणला तो नुसत्या प्लास्टिकचा लूपच होता. आता झालं असं का मावशीची १० वर्षांची तांबी १४ वर्षं तशीच राहून गेली, मग ताप, ओटीपोटात दुखणं, वासाचं पाणी, अन् ती वर्षभर धुपणी (अंगावरून पांढरं जाणं) आहे म्हणून अंगावर काढून राहिली होती. रिपोर्टात ॲक्टिनोमायकोसिस आलं. घरात दोन शब्द फिरून राहिले, ‘तांबी गंजली’ अन् ‘बुरशी लागली’. बरोबर आहेत का हे?

— गंजते ते लोखंड बावा. तांबं-पितळ कळकते, बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवून पाहा. अन् तांबीतलं तांबं आत थोडं थोडं विरघळतच असते, त्याच्यावरच तं ती काम करते, त्याच्यानं पू नाही होत.

— बुरशी पण नाही. पुस्तकात ॲक्टिनोमायकोसिसच्या जंतूले ‘किरणकवक’ लिहितात, कवक म्हणजे बुरशीच, पण नावच चुकलेलं आहे. १८७७ मध्ये गाईबैलाच्या जबड्याच्या गाठीत हे सापडलं, सूक्ष्मदर्शकात किरणांसारखं पसरलेलं दिसलं म्हणून बुरशी समजून नाव ठेवलं, निघाले जिवाणू. म्हणून बुरशीचं औषध चालत नाही, पेनिसिलिन लागते अन् तेही महिनोन्महिने. पुवात पिवळे कण दिसतात त्याले ‘गंधक-कण’ म्हणतात, तिथं फक्त रंग गंधकाचा! तसे हे जिवाणू तोंडात, आतड्यात असतातच, लय वर्षं राहिलेल्या तांबीवर त्यांले बसाले जागा भेटते. पण हे क्वचित होते, नाहीतर उद्या सगळ्या बाया तांबी काढाले धावतील. नुसते तपासणीत दिसले अन् त्रास काहीच नसला तं काढाच असं नाही. नेहमीच्या इन्फेक्शनचा धोका तं बसवल्यावरच्या पहिल्या ३ आठवड्यांत जास्त असते.

— मले खरा घातक शब्द धुपणी वाटतो. जमीन धुपते तशी बाई धुपते, असं मनात बसलेलं, म्हणून थोडं साधं पांढरं गेलं तरी धुपणी अन् पू गेला तरी धुपणीच. वास, ताप, दुखणं असलं तं वेगळं सांगाव लागते, ‘पांढरं जाते’ एवढ्यानं डॉक्टरले काय समजणार?

— हाव, मावशी तेवढंच सांगत होती. तांबी काढली, गोळ्या चालू आहेत. आता म्हणते, ‘कळकली होती’. राहू द्या. पण एक सांगा, विम्याची मुदत संपते, औषधाची संपते, तांबीची संपली तं तुमच्याकडं काय म्हणतात? आमच्याकडं शब्दच नाही.