झाडीपट्टीचं नाटक आजचा काळ दाखवतं की तीस वर्षांपूर्वीचा?

धानपट्टा (धाग्याची सुरुवात):

'झाडीपट्टीचं नाटक म्हणजे लावण्या, रडारड आणि शिट्ट्या; त्यात काळाचं प्रतिबिंब शोधू नका,' असं शहरातल्या नाट्यप्रेमी मंडळींकडून मी वर्षानुवर्षं ऐकत आलो. मला ते अजिबात पटत नाही.

हे नाटक जगण्याला किती चिकटून आहे ते आधी पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडया (गावच्या जत्रा) भरू लागतात. धान घरात येतं, हातात चार पैसे येतात आणि तिथून होळीच्या आसपासपर्यंत नाटकांचा हंगाम. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री दहाच्या सुमारास पडदा वर, तो पहाटेपर्यंत. घरोघरी पाहुणे. पोरापोरींची स्थळं याच गर्दीत निघतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत पट बंद होते. आमच्या भागात त्या काळातही पटाच्या ठरल्या तारखेलाच नाटक लागत होतं. ज्या वर्षी धान दगा देतं, त्या वर्षी नाटक ठरवणारी गावोगावची मंडळं ते घ्यायला कचरतात. शहरातलं कोणतं नाट्यगृह पावसापाण्याशी असं बांधलेलं आहे?

आता आशय. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली, 2021 मध्ये उठली. कायदा आला-गेला, पण दारुडा नवरा आणि त्याच्यामागे घर सावरणारी बाई आमच्या मंचावरून हलली नाहीत. तो प्रवेश सुरू झाला की समोरच्या बाया डोळ्याला पदर लावतात. पात्र इतकी वर्षं टिकतं, कारण बघणाऱ्यांच्या घरात ते आहे.

एखाद्या काळाची कला समजून घ्यायची तर लोकांनी पदरचे पैसे मोजून, रात्र जागून काय पाहिलं हे आधी विचारावं. जाणकारांना काय आवडलं ते नंतर. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांनी मान वळवून इकडे पाहिलं. आमच्या माणसांनी त्यांना त्याच्या कितीतरी आधी डोक्यावर घेतलं होतं.

बांबूबन:

गुरुजी, नाटकाचं वेड मलाही आहे. पौषातल्या थंडीत घोंगडं घेऊन बसणाऱ्यांपैकी मी एक. पण तुम्ही सांगितलं ते नाटकाच्या भोवतीचं. मंचावर काय दिसतं?

खलनायक अजूनही वाड्यातला सावकार, मिशीवर ताव देणारा. आज आमच्या गावात माणसं सावकारापेक्षा दर आठवड्याला मोटारसायकलवर कर्जाचा हप्ता मागायला येणाऱ्या पोराला जास्त घाबरतात. तो मी मंचावर पाहिलेला नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं वाघाच्या तोंडी गेली. ते दुःखही नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकायला लागलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा देशभर गेली. ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या वडशात, जिथून या नाटक कंपन्यांचा सगळा कारभार चालतो, तिथे यावर एक प्रवेश लिहावासा कोणाला वाटू नये? उलट गोंड माणूस मंचावर आलाच तर हसवायला येतो. हे मला बोचतं.

धानपट्टा:

बोचायलाच हवं. गोंड पात्राबद्दल तुमचं म्हणणं मान्य, त्यावर वाद नाही. पण जे दाखवलं जात नाही तेही त्या काळाबद्दल सांगतंच ना? पन्नास वर्षांनी कोणी अभ्यास केला तर तो विचारेल, एवढं घडत असताना हे लोक मंचावर सावकारच का पाहत होते? त्या उत्तरात आपला काळ सापडेल.

बांबूबन:

असं कसं गुरुजी? दाखवलं तर प्रतिबिंब, वगळलं तरी प्रतिबिंब. मग तुमचं म्हणणं खोटं ठरायची सोयच उरत नाही.

पूर्णाकाठ:

मी वऱ्हाडातला, तिकडचं नाटक दोनदाच पाहिलं, त्यामुळे जपून बोलतो. काळ पकडायचा असेल तर लिहिणाऱ्याला तिकिटाची धास्ती नसावी. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी 1960 ची. त्यातली कौतिक, तिची मोलमजुरी, नवऱ्याचा महारोग, सगळं वऱ्हाडी बोलीत. त्या काळच्या गरीब बाईचं घर मला कुठल्याही सरकारी अहवालात तसं दिसलं नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या वर्तमानपत्रांत नुसते आकडे होऊन येत होत्या. त्या आकड्यांमागचं घर कादंबरीनं दाखवलं. रात्रभर टाळ्या मिळवायच्या असत्या तर हे लिहून झालं असतं का?

आणि कला काळाच्या मागेच चालते असंही नाही. 1942 मध्ये चंद्रपूरकडचं चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटलं त्याआधी तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि भजनं त्या भागात घुमत होती. इंग्रजांनी महाराजांना अटक केली. भजनाची धास्ती सरकारला वाटली, याहून मोठा दाखला कोणता?

धानपट्टा:

तुमची दोन्ही पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. पण ज्या घरांवर ती लिहिली गेली, त्या घरांपर्यंत किती पोचली? खंजिरीचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे, भाऊ. ते भजन पारावर, हजारो माणसांत गायलं गेलं. माझं नाटकही तिथलंच.

वैनगंगाकाठची:

गुरुजी, बाया डोळ्याला पदर लावतात म्हणता. मी त्यांच्यात बसते, म्हणून सांगते. रडतात हे खरं, पण घरी जाताना काय बोलतात ते तुम्ही ऐकलेलं नाही. "एवढं सोसून पुन्हा त्यालेच माफ केलं?" असं वाटेनं चाललेलं असतं.

तुम्ही 1993 च्या दारूबंदीचं नाव घेतलं. ती बंदी लोकांच्या चळवळीनं आली, आणि गावागावात बायाच पुढे होत्या. पुढेही भट्ट्या फोडल्या त्यांनीच, नवऱ्यांचा मार खाऊन. ती बाई तुमच्या नाटकात कुठे आहे? मंचावर फक्त सोसणारी आली. म्हणजे तुमचं सर्वांत भक्कम उदाहरणच अर्ध्यावर थांबतं. नाटकानं आमचं दुःख घेतलं आणि आमचं धाडस सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. माझ्या आजीनं पुरुषच लुगडं नेसून नाचताना पाहिले. आता नागपूर-मुंबईकडून बायका येतात, हंगामभर रोज रात्री नव्या गावी काम करतात, लेकरं घरी ठेवून. त्यांच्या जगण्यावर कोणी लिहिलं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

रातपाळी:

मी या नाटकांचा लिहिणारा आहो. वाचून रायलो होतो, आता बोलतो.

मंडळवाले तारीख पक्की करताना पयले इचारतात, लावण्या किती, कॉमेडी कोन करते, हिरोईन कुठची. गोष्ट कोनीच इचारत नाही. बांबूबन भाऊ, वाघाचा प्रवेश मी लिहला होता. सरपनाले गेलेली माय आन तिची वाट पाहनारी पोरगी. तालमीत सगळे गप झाले, इतका जमला होता. मंडळाच्या मानसानं काढाले लावला. म्हने, लोक नाटक पाहून अंधारात जंगलाच्या रस्त्यानं घरी जातीन, त्यायले रातभर हेच दाखवता काय? मले राग आला, पन त्याच्या बोलन्यात खोटं काय होतं? भोगून रायले, तेच तिकीट काढून कायले पाहतीन?

बांबूबन:

हे मी धरलं नव्हतं, दादा. तरी हप्तेवाल्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. त्याच्यावर लोक हसतील, चिडतील, रात्रभर बसतील.

वैनगंगाकाठची:

दादा, वाघाचं पटलं. पण भट्टी फोडणाऱ्या बाईची भीती कोणाला आहे? ती का नको?

रातपाळी:

मंडळात सारे मानसंच असतात, ताई. तारीख तेच घेतात, पैसा तेच देतात, आन त्यातले बरेच जन नाटक सुरू व्हाच्या आंधी मंडपामागं पिऊन येतात. त्यायले हे नाटक मी कसं इकू? एखाद्या गावात बचत गटाच्या बायायनं नाटक घेतलं तर मी लिहून देतो. मानधनाचं मंग पाहू.