शेवंतीला कळी धरल्यावर एलईडी दिव्यांची तीव्रता वाढवावी का?

पवनाकाठ (मूळ मत)

मावळातील माझ्या दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये मी गणपती ते दसऱ्याच्या बाजारासाठी दांड्याची शेवंती घेतो. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ-दहा दिवस ऊन पडत नाही आणि कळ्या नेमक्या त्याच दिवसांत भरत असतात. गेल्या वर्षी दांडे लांब आणि माना इतक्या बारीक झाल्या होत्या की जुडी बांधताना फुले खाली झुकत, आणि गुलटेकडीला आडत्याने माल सरळ दुय्यम प्रतीत काढला. म्हणून यंदा मधल्या दोन वाफ्यांवर डिमर असलेले पांढरे एलईडी लावले. कळी दिसेपर्यंत ते ३० टक्क्यांवर ठेवले आणि कळी वाटाण्याएवढी झाल्यावर ७० टक्क्यांवर नेले. तेव्हा शेंड्याच्या उंचीवर मीटर १०० मायक्रोमोल (चौरस मीटरवर सेकंदाला पडणाऱ्या, झाडाच्या कामाच्या प्रकाशाचे माप) दाखवत होता. त्या दोन वाफ्यांचे दांडे जाड निघाले, खालची पाने काढणीपर्यंत हिरवी राहिली. परदेशी तक्त्यांमध्ये फुलोऱ्यासाठी ६०० ते १००० मायक्रोमोल सुचवलेले असतात, त्या मानाने आपण फारच कंजुषी करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबी

दादा, आपण म्हणता ते तक्ते बहुतेक करून गांजाच्या बंदिस्त खोल्यांसाठी केलेले असतात. कॅनडात २०१८ मध्ये औषधापलीकडच्या वापरासाठीही ती लागवड कायदेशीर झाली आणि तिथल्या गेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की बंदिस्त खोलीत प्रकाश १८०० मायक्रोमोलपर्यंत नेला तरी फुलोऱ्याचे उत्पादन सरळ रेषेत वाढत जाते. पण त्या खोलीत सूर्य नसतो, जे काही द्यायचे ते दिव्यानेच द्यावे लागते, आणि ते पीकही प्रकाशाला फार खादाड आहे. शेवंती आणि गांजा ही दोन्ही लहान दिवसाची, म्हणजे रात्र लांबल्यावर फुलणारी झाडे आहेत, एवढ्या एका साम्यावरून एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

आता खर्च पाहू. चांगला दिवा एका वॅटमागे सेकंदाला सुमारे अडीच मायक्रोमोल देतो, म्हणजे १०० मायक्रोमोलसाठी चौरस मीटरला ४० वॅट लागतात. दहा गुंठ्यांत वाफ्यांखालची जागा ६०० चौरस मीटर धरली, रोज सहा तास आणि ४० दिवस दिवे चालवले, तर ५,७६० युनिट होतात. आठ रुपये दर धरल्यास ४६,०८० रुपये. चौरस मीटरला ३० दांडे निघाले तर दांड्यामागे अडीच रुपयांहून अधिक खर्च निव्वळ विजेचा झाला, दिव्यांची किंमत वेगळीच. आणि एवढे करून झाडाला दिवसाकाठी मिळाले किती, तर चौरस मीटरला जेमतेम दोन मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल).

त्याआधी एक साधा प्रश्न विचारतो. उन्हाळ्यात ओढलेले शेडनेट आपण जुलैत काढले होते का? पन्नास टक्क्यांचे नेट वर तसेच ठेवून खाली दिवे लावणाऱ्यांना मी स्वतः पाहिले आहे.

पवनाकाठ

नेट काढले होते, छतावरचे शेवाळही जूनमध्ये धुतले होते. आपला हिशेब मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मान्य नाही. लख्ख उन्हाच्या दिवशी दोन मोल म्हणजे दर्यामें खसखस, हे खरेच आहे. मात्र माझ्याकडे कुंद दिवशी आत सहा-सात मोलच भरतात, तिथे आणखी दोन मोल म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वाढला. चाळीसही दिवस दिवे चालवा असे मी म्हटलेलेच नाही. ज्या दिवशी दुपारी बारापर्यंत ढग हटत नाहीत, त्याच दिवशी मी डिमर चढवतो.

काळापडदा

आपण दोघेही दिवसाच्या प्रकाशावर वाद घालत आहात, पण शेवंतीचे पीक फसते ते बहुधा रात्री. पुण्याकडे जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे या हंगामात संध्याकाळी सहा ते सकाळी सात काळा कागद ओढून तेरा तासांचा अंधार करावाच लागतो. दिव्यांची तीव्रता वाढवायची असेल तर ती उरलेल्या अकरा तासांतच वाढवावी. ढगाळ दिवसाची भरपाई म्हणून संध्याकाळी आठपर्यंत दिवे चालू ठेवणाऱ्याच्या कळ्या रेंगाळतात आणि मग दोष रोपांना दिला जातो. माझ्याच शेडमध्ये काळ्या कागदाला हाताच्या पंजाएवढी फाट पडली होती आणि बाहेर रस्त्याचा दिवा होता. त्या कोपऱ्यातील तीन रांगा बाकीच्यांच्या बारा दिवस मागे राहिल्या. पौर्णिमेच्या चांदण्याने काही होत नाही, पण रस्त्याच्या दिव्याने होते.

आणखी एक गोष्ट. वाढीच्या काळात कळी लवकर धरू नये म्हणून रात्री दहा ते दोन जे दिवे लावतो, त्यांना १०० लक्स पुरे, असे सांगितले जाते. हा आकडा साध्या बल्बच्या काळातला आहे. लक्समीटर माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेला असतो आणि ६६० नॅनोमीटरचा लाल रंग डोळ्याला फिकटच दिसतो, त्यामुळे लाल एलईडीखाली आकडा कमी येतो आणि लोक विनाकारण दिव्यांची संख्या दुप्पट करतात. इथे अन्न तयार करायचे नसून झाडाला केवळ रात्र तुटल्याची खूण द्यायची असते, त्याला दोनेक मायक्रोमोल भरपूर झाले.

हिशेबी

रात्रीचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी सोडलाच होता. पवनाकाठ यांच्या दोन वाफ्यांबद्दल मात्र माझी शंका कायम आहे. ते वाफे मधले आहेत, आणि मधल्या वाफ्यांना गटाराचा ओलावा व बाजूच्या पडद्याची सावली कमीच लागते. दिव्यांशिवायही तिथला दांडा जाडच निघाला नसता कशावरून?

पवनाकाठ

हा आक्षेप रास्त आहे. पुढच्या खेपेस दिवे कडेच्या एका आणि मधल्या एका वाफ्यावर टांगतो, शेजारचे दोन तसेच ठेवतो आणि काढणीला चारही वाफ्यांच्या शंभर-शंभर दांड्यांचे वजन इथे देतो. डिमर ७० वर ठेवायचा की ५० वर, तेवढे जुलैच्या आधी सांगा.

काळापडदा

पन्नासवर ठेवा. आणि कागद आधी शिवून घ्या.