चार दिवस झोपून न जाणारा शीण

"चार दिवस रजा टाक, ताणून दे, सगळं जाग्यावर येतंय," असा सल्ला कामानं थकलेल्या माणसाला एकांनी दिलाय. साध्या दमण्याला ते ठीक. बर्नआउटला, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं माणूस पार पिचून जातो त्याला, नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं. खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

पहिली सगळ्यांना कळते. दुसरी घरच्यांनाही स्वभावच वाटतो. माझा मावसभाऊ कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीला, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, आहे. कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लोहोल, म्हणजे वायूमुळं पडलेलं भोक, दिसला की वाळूचा ओलावा बघायला स्वतः पळायचा. पुढं पुढं नुसतं "टाका रिजेक्शनमध्ये" म्हणायला लागला. खासबागेत भेळ खातानाही फोन वाजला की दचकायचा. आम्ही म्हणायचो, गडी माजलाय. (आपल्याकडं निम्म्या दुखण्यांचं निदान हेच!) रजेनं त्याला आठवडाभर बरं वाटलं, मग परत तेच. फरक पडला तो कारखान्यातून रात्री येणारे फोन दोघांत वाटून दिल्यावर.

हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ मात्र तपासून घ्या, त्यातही असाच थकवा येतो. आणि कामाबाहेरच्या आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल तर नैराश्य असू शकतं, तिथं मानसोपचारतज्ज्ञच गाठा. जायला संकोच वाटत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.